बिजागरी कुणी काढायची?

रात्री साडेनऊला आमच्या घरात फर्निचरची शिफ्ट बदलते. भिंतीवरचं टेबल वर जातं, त्याच्या जागी आजीचा फोल्डिंगचा पलंग उलगडतो, दोन खुर्च्या घडी होऊन दाराच्या मागे सरकतात आणि मगच ओट्यापर्यंत जायला वाट उरते. क्रम चुकला तर सगळं अडकतं. शीव कोळीवाड्यातली आमची एसआरएची बिल्डिंग, घर 225 चौरस फुटांचं. साडेनऊ ते दहाच्या मध्ये भिंतीपलीकडूनही हाच आवाज येतो. लोखंडावर लोखंड सरकतं, आणि मग खट्ट.

मागच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना मी कोपरं टेकवून पुढे झुकले आणि हे टेबल एका बाजूने खाली आलं. लॅपटॉपचा कोपरा गेला, ते एक वेळ ठीक. शेजारी बसलेल्या आजीने सावरायला हात घातला आणि तिचं बोट पट्टीत चेमटलं. दोन टाके पडले. टेबल जिथून घेतलं तिथे तक्रार केली तर ‘वजन जास्त टाकलं असेल’ एवढंच ऐकायला मिळालं. टेबलावर होतं काय? एक लॅपटॉप, एक वही आणि माझी दोन कोपरं.

टेबल दिसायला मस्त होतं, हे मान्य करायला हवं. काळं पावडर कोटिंग, बाजूला पानासारखी वळवलेली पट्टी. विकताना त्याला ‘स्कल्पचरल’ म्हटलं होतं. पानाला ओरखडाही आला नाही. तुटला तो बिजागरीच्या जवळचा, कुणाच्याही नजरेत न येणारा एक छोटा बोल्ट.

ही घरची गोष्ट इथे आणायचं कारण वेगळं आहे. गेल्या काही महिन्यांत या पानासाठी मी डिझाइन, आर्किटेक्चर आणि फाइन आर्टच्या मुलामुलींची प्रदर्शनं बघत फिरले. धातूचं, शिल्पासारखं दिसणारं आणि हलणारं फर्निचर ही सध्याची क्रेझ आहे. पंख पसरल्यासारखी मागे जाणारी खुर्ची, माशाच्या काट्यासारखं उघडणारं शेल्फ, वाकून बघणाऱ्या बगळ्यासारखा दिवा. रेंडर तर असे की बघत राहावं. पण शीटच्या अगदी जवळ जाऊन दोन भाग जिथे जोडले जातात तिथे बोट ठेवा. मी बघितलेल्या बऱ्याच शीट्सवर त्या जागी एक बाण होता आणि बाणापुढे लिहिलेलं होतं, ‘वेंडर देईल त्याप्रमाणे’.

माझं भांडण त्या बाणाशी आहे. हलणाऱ्या फर्निचरमध्ये सांधा हेच डिझाइन असतं. कुठे फिरायचं, कुठे थांबायचं, किती वजन घ्यायचं, कुणाचं बोट कुठे येणार, हे सगळं त्या दोन इंचांत ठरतं. ते दोन इंच वेंडरवर सोडले तर आपण फर्निचरचं चित्र काढलं, फर्निचर नाही काढलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं. घडीचं, सरकतं, वर-खाली होणारं फर्निचर ही जागेची तडजोड आहे, त्यात कसली आलीय कला? कला मोठ्या हॉलमध्ये, मोकळ्या जागेत. हे मलाही बरीच वर्षं खरं वाटायचं. मग कॉलेजच्या एका असाइनमेंटसाठी मी इंदूरच्या माणिकबागेबद्दल वाचलं.

इंदूरच्या होळकरांचं नाव काढलं की आपल्याला अहिल्याबाई आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच घराण्यातले यशवंतराव होळकर दुसरे हे वेगळंच प्रकरण होतं. जन्म 1908चा, शिक्षण ऑक्सफर्डला. तिथल्या दिवसांत त्यांची ओळख एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टशी झाली. दोघंही विशीतले, म्हणजे हे पान वाचणाऱ्यांपेक्षा फार मोठे नव्हेत. 1930 ते 1933 या काळात मुथेसियसने महाराज आणि महाराणी संयोगिताबाई यांच्यासाठी माणिकबाग राजवाडा उभा केला, आतल्या सामानासकट. त्या सामानात झुंबरं-सिंहासनं असा राजेशाही थाट नव्हता. महाराजांचा पलंग अॅल्युमिनियम आणि क्रोमचा, महाराणींचा काच आणि क्रोमचा. पॅरिसच्या लुई सोन्यो आणि शार्लोट अलिक्स या जोडीने ते केले. लाल लेदरच्या खुर्च्या होत्या, आणि वाचायचे दिवे त्या खुर्च्यांमध्येच बसवलेले. आयलिन ग्रेची ‘ट्रान्सॅट’ आरामखुर्ची होती, जिचं डोकं टेकायचं उशीर पुढे-मागे फिरतं. आणि ल कोर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोट पेरियां यांची 1928ची ती प्रसिद्ध लांब आरामखुर्ची होती, वरून बिबट्याचं कातडं लावलेली. (कातड्याबद्दल आज आपण नाक मुरडू, ते सोडा.)

म्हणजे महालभर जागा असलेल्या एका मराठी राजाने, हवं तेव्हा हवं तसं हलणारं धातूचं फर्निचर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हौसेनं घरात आणलं. जागा वाचवायची गरज त्याला शून्य होती. त्याला हवं होतं ते शरीराच्या मर्जीप्रमाणे बदलणारं सामान. 1980 साली यातलं बरंच सामान मोनाकोत सदबीच्या लिलावात विकलं गेलं आणि जगभरच्या संग्रहांत पांगलं. 2019 मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या म्युझियमने या महाराजांवर आख्खं प्रदर्शन भरवलं. आपल्याकडे डिझाइनच्या किती मुलांना माणिकबाग माहीत आहे, हा प्रश्न मी चार ठिकाणी विचारून बघितला. मुलं बाउहाउसबद्दल बोलली.

आता त्या लांब आरामखुर्चीकडे नीट बघा, फोटो नेटवर सहज मिळेल. झोपता येतं, बसता येतं, पाय डोक्याच्या वर घेता येतात. एवढी पोझिशन बदलते म्हणजे आत काहीतरी भारी यंत्र असणार असं वाटतं. काही नाही. वरचा भाग म्हणजे धनुष्यासारख्या वाकवलेल्या दोन पाइपांवर बसवलेली बैठक. खाली एक स्टँड, त्याच्या आडव्या दांड्यांवर रबर चढवलेलं. धनुष्य त्या रबरावर नुसतं ठेवलेलं असतं. उचलून सरकवलं की कोन बदलतो, आणि माणूस बसला की त्याच्याच वजनाने रबराची पकड घट्ट होते. पिन नाही, स्क्रू नाही. जो वाक बघून आपण ‘काय शिल्प आहे’ म्हणतो, तोच वाक इथे सांधा आहे. तो वेंडरकडे सोडला असता तर खुर्चीच उरली नसती.

ही खुर्ची करणाऱ्या तिघांपैकी पेरियांचं वय तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर होतं. पहिल्यांदा काम मागायला गेली तेव्हा ‘आम्ही इथे उशांवर भरतकाम करत नाही’ अशा अर्थाचं ऐकवून तिला परत पाठवलं होतं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. ती मात्र गळ्यात क्रोमच्या गोळ्यांची माळ घालून फिरायची आणि त्या माळेला बॉल-बेअरिंग म्हणायची. वर्कशॉपच्या दारात उभं राहिल्यावर ‘मॅडम, काय पाहिजे?’ ऐकणाऱ्या सगळ्या मुलींनी हा फोटोही शोधावा.

आयलिन ग्रेचं ‘ई-1027’ टेबलही याच काळातलं. दोन गोल, मध्ये क्रोमचा पाइप, वर काच. बहिणीला अंथरुणात बसून नाश्ता करायला आवडायचं म्हणून ते असं केलं, असं सांगतात. त्याची उंची कमी-जास्त कशी होते? पाइपात पाइप, आतल्या पाइपला ओळीने भोकं, आणि भोकात घालायची एक पिन. पिन हरवू नये म्हणून ती साखळीने बांधलेली. बस. जगातल्या मोठमोठ्या म्युझियममध्ये ठेवलेल्या टेबलाचा सांधा म्हणजे भोक आणि पिन. पण ती साखळी बघा. पिन हरवणार हे ज्या बाईला सुचलं तिने ते टेबल मनातल्या मनात शंभर वेळा वापरलं असणार.

हे सगळं परदेशातून आलेलं आहे असं वाटत असेल तर पुन्हा आपल्या एरियात येऊ. जुन्या लिफ्टचा आणि दुकानांचा जाळीचा सरकता दरवाजा आठवा. लोखंडी पट्ट्यांच्या फुल्या, प्रत्येक फुलीत एक रिव्हेट, ओढलं की सगळी जाळी एका लयीत बंद होते. मंडपवाल्याची घडीची लोखंडी खुर्ची आठवा. दिवसाला किती माणसं त्यावर आदळतात आणि रात्री ती टेम्पोत कशी फेकली जाते! शीव रुग्णालयात कधी कुणाला भेटायला गेला असाल तर पायाशी हँडल असलेली खाट बघितली असेल. हँडल फिरवलं की पेशंटची पाठ वर येते. हँडल सोडलं तरी पाठ खाली पडत नाही, का? आत लांब स्क्रू आहे आणि त्याचे आटे इतके बारीक आणि आडवे असतात की माणसाचं वजन स्क्रूला उलटं फिरवूच शकत नाही. कुलूप नाही, तरी ते लॉक आहे. टेबल-दिव्याचा तो मोडणारा हातही असाच. 1932 साली मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या जॉर्ज कारवर्डाइन या इंग्रज इंजिनीअरने त्याचं पेटंट घेतलं. स्प्रिंगा दिव्याचं वजन तोलून धरतात, म्हणून हात जिथे सोडाल तिथे थांबतो.

आणि लालबाग-परळ! गणपतीतले हलते देखावे बघत आपण मोठे झालो. राक्षसाचा हात वर जातो, तलवार खाली येते. त्या पुतळ्याच्या आत एक मोटर, एक क्रँक आणि लोखंडी सळ्यांचे सांधे असतात. हिशोब करून बघा. हात मिनिटाला 10 वेळा वर-खाली गेला, रोज 6 तास, 10 दिवस, तर 36 हजार वेळा. अनंत चतुर्दशीच्या आधी हात अडकला तर मंडळाची इज्जत जाते, म्हणून तो सांधा करणारा माणूस त्यात बुश घालतो, ग्रीस भरतो, रोज संध्याकाळी कान देऊन आवाज ऐकतो. हे डिझाइन नाही तर काय आहे? पण आपल्याकडे त्याला ‘मेकॅनिक’ म्हणतात आणि रेंडर करणाऱ्याला ‘डिझायनर’.

ही फूट जुनी असेलही, पण ती कायमचीच होती असं नाही. जेजे स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं. त्यानंतर दशकभरातच तिथे चित्र आणि मूर्तिकामाच्या जोडीला कलात्मक लोहारकामाचा वर्ग उघडला, आणि पुढे व्हीटी स्टेशनच्या सजावटीला जेजेच्या विद्यार्थ्यांचा हात लागला. म्हणजे या शहरातल्या आर्ट स्कूलला सुरुवातीलाच भट्टी आणि ऐरण माहीत होती. लालबागमध्ये 1897 साली अर्देशिर गोदरेज यांनी कुलपांचा धंदा मांडला, तोही एका अर्थी सांध्याचाच. चावी फिरली की आत काय सरकणार आणि काय अडणार, हा त्या धंद्याचा जीव. त्याच घरातून 1923 साली लोखंडी कपाट आलं, आणि आज महाराष्ट्रात कुठल्याही कंपनीच्या लोखंडी कपाटाला लोक सरसकट ‘गोदरेज’च म्हणतात. फ्रान्समधला ज्यां प्रूवे लोहारकाम शिकूनच फर्निचरकडे वळला. ज्याचे हवेत तरंगणारे धातूचे ‘मोबाइल’ जगभर गाजले, तो अलेक्झांडर कॅल्डर मेकॅनिकल इंजिनीअर होता, आणि 1955 साली अहमदाबादला साराभाईंकडे येऊन त्याने इथेही कामं केली. त्याच्या मोबाइलमधला सांधा म्हणजे तारेचा वळवलेला साधा आकडा. पण कुठला आकडा कुठे, यावर सगळा तोल.

आता माझ्या टेबलाकडे परत येते, कारण बोल्ट का तुटला हे मी नंतर कागदावर मांडलं. (मास कॉमवाल्यांना फिजिक्स येत नाही असं समजणाऱ्यांनी हा परिच्छेद सावकाश वाचावा.) टेबलाची पुढची कड भिंतीवरच्या पिनपासून 60 सेंटिमीटरवर. मी झुकले तेव्हा कडेवर समजा 20 किलोचा भार आला. टेबल खाली पडू नये म्हणून जो स्टॉपर बोल्ट आहे, तो पिनपासून फक्त 3 सेंटिमीटरवर. म्हणजे 20 गुणिले 60, भागिले 3. त्या बोल्टवर आलेला जोर 400 किलोच्या वजनाएवढा. स्टॉपर 6 सेंटिमीटरवर असता तर हाच जोर 200 वर आला असता. पट्टी तीन सेंटिमीटर लांब हवी होती, खर्च काही रुपयांचा. पण ती पट्टी लांब केली असती तर पानाचा आकार बिघडला असता.

दुसरी गोष्ट. बोल्ट 8 मिलिमीटरचा आणि भोक साडेआठचं होतं. अर्ध्या मिलिमीटरचा प्ले कोण बघतो? पण 60 आणि 3चं तेच गणित इथेही लागतं. अर्धा मिलिमीटर टोकाला जाऊन एक सेंटिमीटर होतो. टेबल पहिल्या दिवसापासून डुगडुगत होतं, आम्ही खाली कागदाची घडी घालून गप्प बसलो होतो. डुगडुगणं म्हणजे बोल्टवर रोज बसणारे हातोडीचे छोटे घाव, हे तेव्हा कळलं नाही.

तिसरी गोष्ट वेल्डिंगवाल्या काकांकडे टेबल दुरुस्तीला नेलं तेव्हा समजली. पावडर कोटिंगचा थर साधारण केसाएवढा जाड असतो आणि तो भोकाच्या आतही बसतो. मग फिटिंगच्या वेळी बोल्ट आत जात नाही. मग कुणीतरी ड्रिल मारून भोक मोठं करतं, आतलं लोखंड उघडं पडतं, पावसाळ्यात आपल्या खाऱ्या दमट हवेत तिथूनच गंज धरतो. कोटिंग भट्टीत 180-200 डिग्रीला भाजतात, म्हणून नायलॉनचं वॉशर त्याच्या आधी बसवता येत नाही, नंतर बसवावं लागतं. आणि नंतर ते बसवायला सांगणारं ड्रॉइंगच नसेल तर ते बसत नाही. माझ्या टेबलात ते नव्हतंच. पाच मिनिटांत कळलेल्या या गोष्टी कुठल्याही रेंडरमध्ये दिसत नाहीत.

म्हणून या पानातर्फे कॉलेजांना आणि मुख्य म्हणजे तुम्हाला, जे यंदा असं काही करणार आहात त्यांना, माझं सांगणं आहे. सांध्याचं ड्रॉइंग खऱ्या मापात काढा, एकास एक. पिन किती जाड, भोक किती, वॉशर कशाचं, आधी कोटिंग की आधी फिटिंग. ज्युरीने ते शीट पहिलं मागावं, रेंडर शेवटी. आणि सांधा करून आणा. आख्खी खुर्ची करायला पैसे नसतात, कबूल. पण एक बिजागरी करायला परवडतं. घरातलं टेबल दिवसातून दोनदा उघडतं-मिटतं धरलं तर पाच वर्षांत 3,650 वेळा. चार हजार वेळा उघडून-मिटून बघा. एका वेळेला 10 सेकंद धरले तर 11 तास होतात. पाच जणांच्या ग्रुपने वाटून घेतलं तर प्रत्येकी सव्वादोन तास, म्हणजे एका पिक्चरएवढे. तीन हजारच्या आसपास काय आवाज येतो तो रेकॉर्ड करा, ती ऑडिओ क्लिप तुमच्या पोर्टफोलिओत कुठल्याही मूड-बोर्डपेक्षा भारी दिसेल.

बोटांचं तर मी सांगणारच. हलणाऱ्या दोन भागांमधली फट एकतर इतकी छोटी ठेवा की लहान मुलाचं बोटही आत जाणार नाही, नाहीतर इतकी मोठी की मोठ्या माणसाचं बोट न चेमटता बाहेर येईल. मधलं माप सगळ्यात वाईट. आणि प्रोटोटाइप झाला की तो आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला उघडायला द्या, काहीही न सांगता. ती व्यक्ती हात कुठे घालते ते बघा.

यावर फाइन आर्टच्या एका मैत्रिणीचं म्हणणं मला टोचलं, आणि ते इथे मांडायलाच हवं. तिचं म्हणणं असं की शिल्पाला उपयोगी असण्याची सक्ती का? प्रत्येक गोष्ट 225 फुटांत बसलीच पाहिजे असं धरलं तर शिल्प मरेल, उरेल ती अॅक्सेसरी. मुद्दा खरा आहे. नुसतं बघायचं शिल्प करणाऱ्याला चार हजार वेळा काही उघडायची गरज नाही. पण ज्या क्षणी तुम्ही त्याला हँडल लावता, ‘बसा’ म्हणता, त्या क्षणी बघणाऱ्याचं शरीर तुमच्या कामाच्या आत येतं. मग जबाबदारी येतेच. आणि माणिकबागेतली खुर्ची पाहता, त्याने सौंदर्य कमी होतं असंही दिसत नाही.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. फॅब्रिकेटर एकाच पीसचं काम घेत नाहीत, घेतलं तर सबमिशनच्या तारखेला देत नाहीत, कॉलेजच्या वर्कशॉपला पाच वाजता कुलूप लागतं. हे सगळं बरोबर. शीव, धारावी, वडाळा, अँटॉप हिल या पट्ट्यात ग्रिल, गेट, जिने करणारी छोटी दुकानं पावलापावलावर आहेत आणि त्यांना वेळ नसतो. पण त्यांचं म्हणणंही ऐका. मुलं मोबाइलवर फोटो दाखवतात आणि ‘असं करून द्या’ म्हणतात. मापं नाहीत, गेज नाही. काम बिघडलं की शिव्या दुकानाला, प्रदर्शनात नाव मुलाचं. कॉलेजने अशा दोन-तीन दुकानांशी वर्षाचं ठरवून घ्यावं, त्या माणसांना तासाचे पैसे देऊन व्हिजिटिंग फॅकल्टीसारखं बोलवावं, आणि प्रदर्शनातल्या पाटीवर डिझायनरच्या नावाखाली सांधा करणाऱ्याचं नाव त्याच टाइपात छापावं. सिनेमात लाइटबॉयचं नाव येतं. खुर्चीवर वेल्डरचं का नको?

आणि ब्रीफ कुठून आणायचं, हा प्रश्न पडत असेल तर या शहरात तो पडायला नको. बीडीडी चाळीतली खोली 160 फुटांची. एसआरएची घरं आधी 225ची होती, मग 269ची झाली, आता 300ची. घर वाढलं तरी त्यात अभ्यास करणारं कॉलेजचं पोरगं, शिफ्टवरून आलेले बाबा आणि गुडघे दुखणारी आजी एकाच भिंतीवर हक्क सांगतात. आजीला पलंग 45 सेंटिमीटर उंच हवा, कारण खालून उठवत नाही. रात्री मात्र तोच पलंग खाली हवा, कारण पडायची भीती. मला टेबल रात्री बारापर्यंत हवं, आणि तिला दहाला दिवा बंद. एका महाराजाला शरीराच्या मर्जीप्रमाणे बदलणारं सामान मिळालं होतं. आमच्या मजल्यावर आठ घरं आहेत, सगळ्यांना ते हवं आहे, आणि कॅटलॉगमध्ये ते एकतर आमच्या पाच महिन्यांच्या किराण्याएवढ्या किमतीला आहे नाहीतर माझ्या टेबलासारखं आहे.

टेबलाचा बोल्ट काकांनी बदलून दिला, भोकात पितळी बुश ठोकलं, नायलॉनचं वॉशर घातलं. डुगडुगणं बंद झालंय. स्टॉपर मात्र अजून पिनपासून तीनच सेंटिमीटरवर आहे, कारण ते हलवायचं तर पानाची पट्टी कापावी लागेल. आजीला विचारलं. ती म्हणाली, ‘काप की. पान काय खायचंय?’ रविवारी मापं घेऊन जातेय. सहा सेंटिमीटर मागणार आहे, ड्रॉइंगसकट.